डेल वाईज ५०७०, डेबियन आणि गोटूसोशल: घरातल्या कपाटावरचा सोशल मीडिया सर्व्हर, सविस्तर रिव्ह्यू

आधी मत सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. घरातल्या दोन-चार माणसांना फेडिव्हर्सवर (एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सोशल मीडिया सर्व्हरच्या जाळ्यावर) स्वतःच्या डोमेनचं अकाउंट हवं असेल तर सेकंडहँड डेल वाईज ५०७० (छोटा पीसी), त्यावर डेबियन स्टेबल (लिनक्स) आणि त्यावर गोटूसोशल (सोशल मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर), ह्यापेक्षा स्वस्त आणि कमी कटकटीचा सेटअप मला तरी माहीत नाही. घ्या, लावा, चालतं. पण डोमेन आणि बॅकअप ह्या दोन गोष्टींचा विचार पहिल्या दिवशीच करायला तयार नसाल तर नका करू, एखाद्या चांगल्या चालवलेल्या मास्टोडॉन (फेडिव्हर्सवरचं ट्विटरसारखं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर अकाउंट काढा, त्यात काहीही कमीपणा नाही.

आता हे सगळं करायचंच कशाला हा प्रश्न मला कायम विचारतात त्यामुळे ते आधी. कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲप आठवतंय का? मराठीत लिहिता येतं म्हणून किती लोकांनी तिथे हौसेने अकाउंट काढली होती, रोज लिहीत होते, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. ऑर्कुट २०१४ ला गेलं, गुगल प्लस २०१९ ला गेलं. दर वेळी आपण लिहिलेलं, जमवलेली माणसं, सगळं दुसऱ्याच्या निर्णयावर. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट सस्पेंड झाल्यावर भारतातून मास्टोडॉनवर जी लाट आली तेव्हा पहिल्यांदा आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना कळलं की असा पण सोशल मीडिया असतो जिथे एक मालक नाही, हजारो सर्व्हर आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात. त्या लाटेतले बरेच जण परत गेले, मग ऑक्टोबर २०२२ ला मस्कने ट्विटर ताब्यात घेतल्यावर दुसरी लाट आली. मी थांबलो कारण मला ती रचनाच आवडली. ईमेलसारखंच आहे, तुमचा पत्ता कुठल्या का डोमेनवर असेना पत्र पोचतं. हे पोचवण्याचं काम करणारा प्रोटोकॉल म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, तो जानेवारी २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी ह्या वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत स्टँडर्ड आहे, म्हणजे कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहिलात तर तिथेही तुमचा पत्ता त्याच्या डोमेनचाच असतो ना. मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा चांगला मोठा सर्व्हर २०२२ मध्ये ॲडमिनने बंद करायचं ठरवलं, त्याचीही कारणं होती, एकटा माणूस किती वर्षं फुकट राबणार. बॉट्ससाठीचा बॉट्सइन डॉट स्पेस २०२४ च्या शेवटी थांबला. फेडिव्हर्समध्ये अकाउंट दुसरीकडे हलवता येतं, फॉलोअर तुमच्याबरोबर येतात, पण जुन्या पोस्टी येत नाहीत. म्हणून माझं पक्कं म्हणणं आहे की ज्याला जमेल त्याने पत्ता स्वतःचा ठेवावा.

मशीनबद्दल. वाईज ५०७० हे २०१८ चं मॉडेल, ऑफिसं आणि कॉल सेंटरमध्ये थिन क्लायंट म्हणून (खरं काम दूरच्या सर्व्हरवर, टेबलावर फक्त हा डबा) लागायचं, आता ती ऑफिसं बदलतायत तसे हे डबे सेकंडहँड बाजारात येतायत. मला रॅम आणि एसएसडीसकट पाच हजारांच्या आसपास पडलं. आत इंटेलचा सेलेरॉन जे४१०५ चार कोअरचा (काहींमध्ये पेंटियम जे५००५ असतो, मिळाला तर तो घ्या, फरक फार नाही पण त्याच पैशात मिळत असेल तर का सोडा), लॅपटॉपवाल्या डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट, एक एम डॉट टू स्लॉट (एसएसडी बसवायला), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंखाच नाही. अजिबात आवाज नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठेवा नाहीतर कपाटावर, घरच्यांना कळणारही नाही. माझा कपाटावर राउटरच्या शेजारी आहे, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये डबा हाताला चांगला गरम लागतो पण कधी अडकला नाही, फक्त त्याच्यावर वह्या-पुस्तकं रचू नका आणि वरची जाळी मोकळी ठेवा.

घेताना बघायच्या गोष्टी सांगतो कारण इथेच लोक फसतात. एक, एम डॉट टू स्लॉट साटा ह्या जुन्या प्रकारच्या एसएसडीचा आहे, एनव्हीएमई हा नवा प्रकार चालत नाही, दिसायला दोन्ही सारखीच असतात त्यामुळे दुकानदाराला स्पष्ट सांगा की एम डॉट टू साटा पाहिजे. दोन, काही युनिटमध्ये फक्त १६ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्टोरेज चिप) असते, ती ओएसला पुरेल पण सर्व्हरला नाही. तीन, अडॅप्टर ओरिजिनल डेलचा ६५ वॅटचा मागून घ्या, डेलच्या पिनमधून मशीनला वॅटेज कळतं, लोकल अडॅप्टर लावून उगाच डोक्याला ताप नको. चार, बायोसला पासवर्ड असतो, कंपनीने बदलला नसेल तर फॅक्टरीचा पासवर्ड फायरपोर्ट असा आहे, एफ कॅपिटल. बदललेला असेल तर विकणाऱ्याकडूनच काढून घ्या, घरी आणल्यावर तो प्रश्न तुमचा होतो. आणि पाच, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते पण कोणी सांगत नाही, आतला सीआर२०३२ सेल बदलून टाका. इतक्या वर्षांच्या मशीनचा सेल मेलेला असायची शक्यता भरपूर असते, लाईट गेली की घड्याळ मागे जातं, आणि घड्याळ चुकलं की सर्टिफिकेट चुकीची वाटायला लागतात आणि दुसरे सर्व्हर तुमच्या सह्या नाकारतात, कारण फेडिव्हर्समध्ये प्रत्येक रिक्वेस्टवर तारीख-वेळेसकट डिजिटल सही असते. पुण्याच्या तापकीर गल्लीत पाच मिनिटांत सेल मिळतो, मी गेलो तेव्हा दुकानातले काका म्हणाले, "एक कशाला, दोन घेऊन ठेव, मशीन जुनंय ना." घेतले दोन.

वीज किती खातं हे बऱ्याच जणांना जाणून घ्यायचं असतं. काही काम नसताना पाच ते सात वॅट. म्हणजे चोवीस तास महिनाभर चालवलं तरी चार-पाच युनिट. जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवणाऱ्यांनी हा आकडा एकदा आपल्या मशीनच्या आकड्याशी लावून बघावा, तिथे निवांत ४०-५० वॅट जातात.

रास्पबेरी पाय का नाही? पाय मलाही आवडतो, सेन्सर-बिन्सर जोडायचे असतील तर त्याला तोड नाही. पण सर्व्हर म्हणून पाय ५ घ्यायचा म्हणजे बोर्ड, २७ वॅटचा अडॅप्टर, कूलर, केस, एसएसडी लावायला हॅट, मग एसएसडी, हे सगळं धरलं की वाईजपेक्षा बराच महाग पडतो आणि शेवटी जे मिळतं ते साधारण तेच काम करतं. एसडी कार्डवर डेटाबेस ठेवणं तर विसराच, सतत लिहून लिहून कार्ड मरतात. शिवाय वाईज म्हणजे साधा इंटेल पीसीच, कुठलंही लिनक्स सरळ चढतं, वेगळी इमेज शोधायला लागत नाही. त्याच्या इंटेल ग्राफिक्सवर जेलीफिनचं (घरच्या व्हिडिओंचा सर्व्हर) व्हिडिओ ट्रान्सकोडिंग पण चालतं, तो बोनस.

लिनक्समध्ये मी डेबियनवाला आहे आणि हे लपवत नाही. डेबियन १३ ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यात ६.१२ चा लाँगटर्म कर्नल आहे, तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि वर दोन वर्षं एलटीएस (वाढीव सपोर्ट), म्हणजे पाच वर्षं मशीनकडे ढुंकून बघायला लागत नाही, सिक्युरिटी अपडेट अनअटेंडेड-अपग्रेड्स लावून ठेवलं की आपोआप येतात. आणि १९९३ पासून हा प्रोजेक्ट कुठल्याही कंपनीच्या मालकीशिवाय लोकांनी चालवलाय, स्वतःची राज्यघटना आहे, मतदान करून निर्णय घेतात. २०२३ मध्ये त्यांची वार्षिक डेबकॉन्फ आपल्याकडे कोचीला झाली होती. मला घरचा सर्व्हर ज्याच्यावर उभा करायचाय तो पायाच असा असावा असं वाटतं, उद्या कोणी कंपनी विकत घेतली आणि धोरण बदललं ही भीती नाही. आर्च लिनक्स लॅपटॉपवर खुशाल वापरा, पण जे मशीन तुम्ही नागपूरला लग्नाला गेलेले असताना पण चालायला पाहिजे तिथे स्टेबलच. पूर्वी डेबियन टाकताना वायफायचं फर्मवेअर वेगळ्या पेनड्राइव्हवर शोधून आणायला लागायचं, डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं त्यामुळे ती पण अडचण गेली. छोटी नेटइन्स्टॉलची इमेज घ्या, डेस्कटॉपची टिक काढा, एसएसएच सर्व्हरची ठेवा, झालं. प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाकू का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे की एवढ्याशा मशीनवर कशाला, एक सर्व्हिस चालवायला व्हर्च्युअल मशीनचा थर नको.

ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी युनोहोस्ट बघा, ते पण डेबियनवरच आहे, ब्राउझरमधून क्लिक करून ॲप टाकता येतात आणि गोटूसोशलही त्याच्या यादीत आहे.

आता मुख्य. गोटूसोशल म्हणजे काय, तर मास्टोडॉनशी बोलू शकणारा पण फार हलका सर्व्हर. गो भाषेत लिहिलाय, एकच बायनरी फाइल, डेटाबेस एसक्यूलाइट असला तरी चालतो. याची तुलना मास्टोडॉनच्या सर्व्हरशी करून बघा: तिथे रुबी ऑन रेल्स, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक, वर नोडवर चालणारं स्ट्रीमिंग, एवढं सगळं एकत्र नांदायला पाहिजे. हजारो लोकांच्या सर्व्हरसाठी ते बरोबर आहे, ऑयगन रॉश्कोने २०१६ मध्ये जे सुरू केलं त्याने फेडिव्हर्स लोकांपर्यंत पोचलं, त्याबद्दल आदरच आहे. पण तीन माणसांसाठी ते चालवणं म्हणजे दोघांच्या जेवणाला मंगल कार्यालयाची भांडी काढणं. गोटूसोशल माझ्याकडे साधारण तीनशे एमबी रॅममध्ये बसतं, फोटो-व्हिडिओ प्रोसेस करताना थोडं वर उडी मारतं आणि परत खाली येतं. चार जीबी रॅम असली तरी बाकीच्या गोष्टींना भरपूर जागा उरते.

सॉफ्टवेअर अजून बीटा आहे हे लक्षात घ्या, सप्टेंबर २०२४ पर्यंत तर अल्फा होतं. पण प्रत्येक रिलीजची नोट इतकी काळजीपूर्वक लिहिलेली असते की मला मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त विश्वास वाटतो. लायसन्स एजीपीएल (कोड सगळ्यांना खुला), पैसे नेदरलँड्सच्या एनएलनेट फाउंडेशनच्या ग्रँटमधून आणि लोकांच्या वर्गणीतून, कोड २०२५ पासून कोडबर्गवर, जी बर्लिनमधली ना-नफा संस्था आहे. मॅस्कॉट एक स्लॉथ आहे, मला फार आवडतो.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, टारबॉल उतरवा, वेगळा युजर बनवा, कॉन्फिग फाइलमध्ये डोमेन टाका, सिस्टमडीची सर्व्हिस फाइल सोबतच येते. पुढे कॅडी हा वेब सर्व्हर लावा, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट तो स्वतःच आणतो आणि स्वतःच रिन्यू करतो. पहिलं अकाउंट कमांड लाइनवरून बनवावं लागतं आणि त्याला ॲडमिनही तिथूनच करावं लागतं. रजिस्ट्रेशन डीफॉल्टलाच बंद असतं, ते बंदच राहू द्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडिव्हर्सवर जी स्पॅमची लाट आली ती अशाच छोट्या, कोणी लक्ष देत नाही अशा उघड्या सर्व्हरवर अकाउंट काढून आली होती.

कॉन्फिग फाइलमध्ये होस्ट आणि अकाउंट-डोमेन अशा दोन ओळी आहेत. ह्या दोन ओळींवर चहा पिऊन, शांतपणे, वेळ घेऊन विचार करा, कारण एकदा तुमचा सर्व्हर दुसऱ्यांशी बोलला की त्या बदलता येत नाहीत. होस्ट म्हणजे सर्व्हर जिथे चालतो ते नाव, अकाउंट-डोमेन म्हणजे लोकांना तुमच्या पत्त्यात जे दिसतं ते. मी दोन्ही वेगळे ठेवलेत, सर्व्हर सबडोमेनवर आणि पत्ता मूळ डोमेनवर, म्हणजे मूळ डोमेनवर माझी साधी वेबसाइट पण राहते आणि पत्ता लहान राहतो, फक्त मूळ डोमेनवरच्या वेबफिंगरच्या (पत्त्यावरून अकाउंट शोधायच्या) रिक्वेस्ट सबडोमेनकडे वळवायला लागतात, कॅडीमध्ये दोन ओळींचं काम.

आणि डोमेन कुठलं घ्यायचं ते पण. स्वस्त किंवा मजेशीर दिसतं म्हणून कुठल्याही देशाचं घेऊ नका. क्वीअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता, एएफ हे अफगाणिस्तानचं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते डोमेन काढून घेतलं आणि सर्व्हर संपला. मालीचे एमएल डोमेन फुकट मिळायचे, २०२३ मध्ये त्यातलेही गेले आणि त्यावरचे लेमी (फेडिव्हर्सवरचे चर्चेचे फोरम) सर्व्हर अडचणीत आले. मी डॉट इन घेतलंय, वर्षाला हजाराच्या आत जातं, आणि एकदम काही वर्षांचं रिन्यूअल भरून ठेवलंय कारण डोमेन गेलं की सगळं गेलं, मशीन कितीही चांगलं चालत असू दे.

घरच्या इंटरनेटचं आता. आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण सीजीनॅटची. म्हणजे इंटरनेटवाला तुम्हाला स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता देतच नाही, शेकडो घरांना मिळून एक, त्यामुळे बाहेरून तुमच्या घरापर्यंत कोणी येऊच शकत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग करून काही उपयोग नाही. राउटरमध्ये वॅनचा आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कुठलाही दिसला तर समजा तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात. माझ्या कस्टमर केअरला तर हा शब्दच ऐकून माहीत नव्हता, तीन वेळा "सर राउटर रीस्टार्ट करके देखिए" झालं, शेवटी एरियाच्या लाइनमनने सांगितलं की स्टॅटिक आयपी वर्षाचे वेगळे पैसे भरून मिळतो. आयपीव्ही६ मिळत असेल तर छान पण फक्त त्यावर भागत नाही, बरेच सर्व्हर अजून आयपीव्ही४ वरूनच येतात.

स्टॅटिक आयपी मिळत नसेल तर दोन रस्ते. एक क्लाउडफ्लेअर टनल, फुकट आणि दहा मिनिटांत होतो, पण त्यात एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उघडतं, म्हणजे तुमचा सगळा ट्रॅफिक त्यांना दिसू शकतो, आणि त्यांचं बॉट अडवायचं फीचर कडक ठेवलं तर दुसरे फेडिव्हर्स सर्व्हर पण बॉट समजून अडवले जातात, शेवटी ते प्रोग्रामच आहेत ना. दुसरा रस्ता मला पटतो, मुंबई किंवा बंगळूरच्या डेटा सेंटरमधला सगळ्यात छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा एन्क्रिप्टेड टनल. २०२० पासून वायरगार्ड लिनक्स कर्नलमध्येच आहे, कॉन्फिग दहा-बारा ओळींचं, व्हीपीएस फक्त पॅकेट पुढे ढकलतो, सर्टिफिकेट आणि डेटा घरातच. काही जण म्हणतील मग सगळंच व्हीपीएसवर ठेव की. ठेवता येईल, पण फोटो आणि डेटाबेस माझ्या घरात आहेत, छोट्या व्हीपीएसला २० जीबी डिस्क मिळते आणि इथे मी ५०० जीबीची एसएसडी लावलीय, आणि उद्या व्हीपीएसवाल्याने भाव वाढवले तर दुसरा घेऊन टनल तिकडे वळवायचा, एका संध्याकाळचं काम.

लाईट. आमच्या भागात गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते ते सगळ्यांना माहीत आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात ते वाईजला चालत नाहीत कारण त्याला साडेएकोणीस व्होल्ट लागतात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर एक पॉइंट काढून घेतला तर सगळ्यात उत्तम. इन्व्हर्टर नसेल तरी फार बिघडत नाही, फेडिव्हर्समध्ये तुमचा सर्व्हर काही तास बंद असला तर बहुतेक सर्व्हर पोस्ट परत परत पाठवून बघतात आणि तुम्ही परत आलात की डिलिव्हरी होते. फक्त बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग करून ठेवा.

वापरायला कसं आहे? इथे बऱ्याच नव्या लोकांचा गोंधळ होतो. गोटूसोशलला स्वतःची टाइमलाइन दाखवणारी वेबसाइट नाहीये. तुमचं पब्लिक प्रोफाइल दिसतं, सेटिंगचं पान आहे, बस. पोस्ट करायला आणि वाचायला वेगळं ॲप लागतं. माझ्या ताईचं अकाउंट काढून दिलं तेव्हा तिने पत्ता ब्राउझरमध्ये टाकला आणि लगेच फोन, "अरे इथे लिहू कुठे?" तिला अँड्रॉइडवर टस्की टाकून दिलं आणि तेव्हापासून तिचा एकही फोन आला नाही. मी स्वतः ब्राउझरमध्ये फॅनपी वापरतो, त्यातली थ्रेड दाखवायची पद्धत मला मास्टोडॉनच्या वेबपेक्षाही चांगली वाटते. क्लायंट वेगळा आणि सर्व्हर वेगळा ह्याची सवय झाली की कळतं किती मोकळीक आहे, एक ॲप आवडलं नाही तर दुसरं, अकाउंट तेच.

पोस्टची मर्यादा डीफॉल्ट पाच हजार अक्षरांची आहे, मास्टोडॉनला पाचशे. मराठीत काना-मात्रा-जोडाक्षरं धरून लिहिणाऱ्याला ही मोकळी जागा फार सुखाची आहे, राजगडच्या ट्रेकचं वर्णन एका पोस्टीत बसतं, तुकडे पाडायला लागत नाहीत. अजून एक गोष्ट जी मला मनापासून आवडते, पोस्टला भाषा मराठी अशी निवडून ठेवता येते. याने लोकांना भाषेप्रमाणे फिल्टर करता येतं हे तर आहेच, पण ॲपने ती भाषा पानाच्या कोडमध्ये लावली आणि फाँट नोटो सान्स देवनागरीसारखा असला की ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. वर्षानुवर्षं सगळ्या साइटवर हिंदी वळणाचा श बघून डोळे सरावलेत, त्यामुळे आपल्याच सर्व्हरवर आपला श दिसला की फार बरं वाटतं. सेटिंगमध्ये डीफॉल्ट भाषा मराठी करून ठेवा, बास.

प्रायव्हसी आणि कंट्रोल ह्यात गोटूसोशल बऱ्याच बाबतीत पुढे आहे. सही नसलेली रिक्वेस्ट आली तर ते पोस्ट देतच नाही, त्यामुळे तुम्ही ज्याला ब्लॉक केलंय तो सर्व्हर गुपचूप येऊन उचलून नेऊ शकत नाही. तुमच्या पोस्टला कोण रिप्लाय करू शकतं हे ठरवता येतं, नको असेल तर आधी मंजुरी आणि मग रिप्लाय असंही ठेवता येतं. पण एक स्पष्ट सांगतो, डायरेक्ट मेसेज एन्क्रिप्टेड नाहीत, समोरच्याच्या सर्व्हरचा ॲडमिन ठरवलं तर वाचू शकतो. खाजगी बोलायला सिग्नल वापरा.

आता तक्रारी, आणि ह्या खऱ्या आहेत. पहिली, एकटेपणा. छोट्या सर्व्हरला जगातल्या पोस्टी आपोआप दिसत नाहीत, तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्याच येतात. हॅशटॅग फॉलो करायची सोय आहे पण मराठी हॅशटॅग फॉलो केला तरी तुमच्या सर्व्हरपर्यंत जे आलंय त्यातलंच दिसणार, म्हणजे सुरुवातीला रिकामंच. दुसऱ्या कोणाच्या पोस्टीखालचे सगळे रिप्लाय दिसत नाहीत, मूळ सर्व्हरवर जाऊन बघायला लागतात. ट्रेंडिंग नाही, सगळ्या जगाच्या पोस्टी शोधायची सोय नाही, ती मुद्दामच ठेवलेली नाही. माझा उपाय, पहिल्या आठवड्यात मोठ्या सर्व्हरवर जाऊन हाताने माणसं शोधा, आवडीच्या विषयाची पन्नास-साठ तरी फॉलो करा, मग टाइमलाइन जिवंत होते. मराठी लिहिणारी माणसं तिथे कमी आहेत हे खरंय, आणि ती वाढावीत असं मला फार वाटतं, कारण कू वर जे लिहीत होते ते सगळे पुन्हा एका कंपनीच्याच दारात जाऊन उभे राहिलेत.

दुसरी, अपडेट. मोठ्या व्हर्जनला डेटाबेसचं मायग्रेशन चालतं, त्याला कधी कधी बराच वेळ लागतो आणि लॉगमध्ये काहीच हलत नाही असं वाटतं. त्यावेळी प्रोसेस मारायची नाही. रिलीज नोटमध्ये ठळक लिहिलेलं असतं. बॅकअप घ्या, अपडेट लावा, जेवून या.

तिसरी तक्रार नाही, इशारा. बॅकअप. तुमच्या अकाउंटची गुप्त किल्ली डेटाबेसमध्ये असते, बाकीचे सर्व्हर त्या किल्लीच्या सहीवरून तुम्हाला ओळखतात. एसएसडी मेली आणि बॅकअप नसेल तर त्याच डोमेनवर त्याच नावाने नवीन अकाउंट काढून भागत नाही, जगाकडे तुमची जुनी किल्ली असते आणि नवीन सही त्यांना खोटी वाटते. नुसती डेटाबेसची फाइल चालू असताना कॉपी करू नका, एसक्यूलाइटचा स्वतःचा बॅकअप कमांड वापरा, आणि मग रेस्टिक ह्या बॅकअप सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करून दुसऱ्या जागी पाठवा. माझा रोज रात्री ताईकडच्या एका जुन्या मशीनवर जातो, तिचा माझ्याकडे येतो. आणि डेटाबेस नॅसवर नेटवर्कवरून ठेवायच्या भानगडीत पडू नका, एसक्यूलाइटला लोकल डिस्कच पाहिजे. दुसऱ्यांचे फोटो-व्हिडिओ सात दिवसांनी आपोआप साफ होतात, परत लागले तर परत उतरवले जातात, त्यामुळे डिस्क भरेल ही काळजी नाही, बॅकअपमध्ये पण तेवढं वजन येत नाही.

रेटिंग द्यायचं तर वाईज ५०७० ला साडेचार, अर्धा कापला कारण एनव्हीएमई नाही आणि सेकंडहँडमध्ये अडॅप्टरची बोंब असते. डेबियनला पाच. गोटूसोशलला चार, स्वतःचं छोटंसं वेब क्लायंट आलं आणि रिप्लाय पूर्ण दिसायला लागले तर पाच देईन.

माझ्या सर्व्हरवर अकाउंट देशील का असं विचारणाऱ्यांना आत्ताच सांगतो, घरच्यांपलीकडे देत नाही. दुसऱ्याचं लिखाण आणि किल्ली सांभाळणं ही मोठी जबाबदारी आहे आणि ती माझ्या एकट्याच्या वेळेवर टाकणं त्या माणसाला न्याय नाही. पण स्वतःचं लावत असाल आणि वायरगार्ड किंवा कॅडीपाशी अडलात तर खुशाल विचारा, पुण्यात असाल तर मशीन घेऊन या, रविवारी सकाळी बसून लावून टाकू. येताना एम डॉट टू साटा लिहिलेली एसएसडी आणि सीआर२०३२ तेवढा आणा.